ॲब्लेशन उत्तम, डिस्चार्जचा कागद अपुरा

ह्यांच्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) पुण्यात रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन (हृदयाच्या आतला थोडा भाग तापवून तिथे व्रण करणं) करून घेतलं. हॉस्पिटलचं नाव देत नाही. तिथल्या ईपी विभागाचं, म्हणजे हृदयातल्या विजेच्या बिघाडांवर उपचार करणाऱ्या विभागाचं, कौतुक आहे आणि डिस्चार्जच्या कागदाबद्दल तक्रारही आहे.

डॉक्टरांनी ओपीडीत, बाहेर रांग असतानाही, कागदावर हृदय काढून समजावलं. फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्याला मिळतात, तिथे हृदयाचा स्नायू थोडा शिरांच्या आतपर्यंत गेलेला असतो. अवेळी उठणारे विजेचे संदेश बहुतेक वेळा तिथूनच येतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवलं. शिरा बंद करायच्या नसतात. त्यांच्या तोंडाभोवती व्रणांचा बांध घालायचा. व्रणातून वीज वाहत नाही, म्हणून तो संदेश पलीकडे पोचत नाही.

जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, वर हृदयात नेतात. त्याच्या टोकाशी ऊती साधारण ५० अंशांच्या वर तापली की तिथल्या पेशी कायमच्या मरतात. कडेच्या पेशी मात्र नुसत्या सुजून गप्प होतात. सूज उतरल्यावर त्यातल्या काही पुन्हा जाग्या होतात आणि बांधाला फट पडते. काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागतं ते ह्यामुळे. हे आम्हाला पैसे भरायच्या आधी सांगितलं, ह्याचं मला फार मोल वाटतं.

कॅथ लॅबची माणसंही चोख. आत रक्ताची गुठळी नाही ना, हे घशातून केलेल्या इकोने आधी पाहिलं. अन्ननलिका त्या कप्प्याच्या अगदी पाठीशी असते, म्हणून ॲब्लेशन चालू असताना तिचंही तापमान मोजत होते.

तक्रार पुढची. घरी आल्यावर ह्यांची धडधड परत सुरू झाली. मी घाबरून गेले. फोनवर कळलं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं होऊ शकतं. जखम भरून पक्का व्रण व्हायला आठवडे लागतात आणि तोवर सुजलेली ऊती चिडलेली असते. तेवढ्यावरून ॲब्लेशन फसलं असं धरत नाहीत. मग हे कागदावर का नाही? कागदावर होतं फक्त जांघेची जखम कोरडी ठेवा आणि गोळ्यांची यादी, तीही इंग्रजीत. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखलं किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं असतं, कारण क्वचित अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते आणि ती जिवावर बेतते. तेसुद्धा मला फोनवरच विचारल्यावर कळलं! गावाकडून आलेल्या माणसाने कुणाला विचारायचं? एवढ्या कसबी विभागाने मराठीत एक पान छापून द्यायलाच हवं.

उपचाराला माझे पाचपैकी पाच, कागदाला दोन.

ह्यांचा आत्ताचा हॉल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद घेणारी तपासणी) स्वच्छ आला आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र चालूच आहे. ती बंद करायची की नाही हे नुसत्या ठोक्यांवर ठरत नाही, वय, बीपी, शुगर असा पक्षाघाताचा एकूण धोका बघतात. ह्यांना तिन्ही आहेत.