डिजिटल टायमर सॉकेट: उंदरांच्या खोलीसाठी घेतला, ४ स्टार

लोहार चाळीतून साडेसातशेला आणला. दुकानदाराने विचारलं, "फिशटँकला का, ताई?" म्हटलं, उंदरांना. "मग पिंजरा बाजूच्या गल्लीत मिळेल."

मी परळच्या एका लॅबमध्ये अ‍ॅनिमल हाऊस सांभाळते. आमच्याकडे उंदरांच्या शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास चालतो. १२ तास उजेड, १२ तास अंधार, प्रत्येक पिंजऱ्यात पळायचं चाक आणि फेऱ्या मोजायला कॉम्प्युटर. दिवा गेला की मंडळी चाकावर. पुढे काही दिवस पूर्ण अंधार ठेवून बघतात, आतलं घड्याळ आपल्या मनाने कसं चालतं. आमच्या काळ्या उंदरांचा दिवस सुमारे २३.७ तासांचा भरतो, म्हणून पळायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे येते. अमेरिकेत जोसेफ ताकाहाशींच्या गटाला असाच चाकावरचा एक उंदीर सापडला होता, त्याचा दिवस इतरांपेक्षा तासाभराहून जास्त लांब. १९९४ मध्ये त्यांनी ते छापलं आणि त्यातून 'क्लॉक' जनुक हाती लागलं. दिवेच वेळेवर नसते तर ते कुणाच्या लक्षात आलं असतं?

आमचा जुना खुंट्यांचा टायमर वीज गेली की थांबायचा आणि आल्यावर तेवढाच मागे राहायचा. पावसाळ्यात नुसता वैताग. ह्यात बॅटरी आहे. मेन स्विच बंद ठेवून पाहिलं, वेळ हलली नाही. सेटिंगही मिनिटाच्या हिशोबाने होतं, जुन्यात पाव तासाखाली काही नव्हतं.

एक स्टार कापला तो रँडम बटणामुळे. घर बंद असताना चोराला फसवायला ते वाटेल तेव्हा दिवे लावतं. आमच्याकडे रात्रीच्या सुरुवातीला असा दिवा लागला तर उंदीर दुसऱ्या दिवशी उशिरा पळायला लागतात, रात्र संपताना लागला तर लवकर. म्हणजे आठवड्यांचं काम पाण्यात. आणि बटण इतकं वर आलंय की फडकं मारतानाही दाबलं जातं! मी त्यावर पुठ्ठा चिकटवलाय.

इंडिकेटर निळा, तोही सतत चालू. डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देतात, त्यांना निळाच सगळ्यात जास्त जाणवतो. म्हणून तर आम्ही अंधारात मंद लाल दिव्यावर काम करतो. टायमर बाहेर लावा म्हणाल, तर आमचं सॉकेट खोलीतच आहे. काळी टेप दोन पदरी लावा, एका पदरातून उजेड झिरपतो.

फिशटँकवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा.