आंबा घाटात धापा टाकणारी डिझायर आणि उद्यमनगरातलं गॅरेज

माझी डिझेल डिझायर 2014 ची, 1,248 सीसीचं इंजिन, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. दिवाळीत माहेरी रत्नागिरीला गेले होते. परत कोल्हापूरला येताना साखरपा सोडला, आंबा घाट लागला आणि गाडीने जीवच सोडला. दुसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी ओढेना. आरशात बघितलं तर मागे काळा धूर. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून बाजूला घ्यायला लावली. मुलगी आणि सासूबाई गाडीत. त्या वीस मिनिटांत माझे हात थंड पडले होते.

कोल्हापुरात आल्यावर आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, ईजीआर वॉल्व्ह (जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बिघडल्याचा कोड दाखवला आणि बॉनेटच्या आत नीट डोकावूनही न बघता सांगितलं, वॉल्व्ह बदला, लेबर धरून 14,000 रुपये. दुसऱ्या एकाने उलटं सांगितलं: मध्ये पत्रा मारून वॉल्व्हच बंद करून टाकू, 500 रुपये द्या, पुन्हा कधी कटकट नाही. खरं सांगते, त्या 500 रुपयांचा मोह झाला होता.

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने उद्यमनगरातल्या मामांकडे पाठवलं. गॅरेज म्हणजे एक शटर, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. मामांनी गाडी चालू करून नुसता आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, रोज किती चालवता?’ राजारामपुरी ते शाहूपुरी, जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर, तेही सिग्नल आणि गर्दीतून. ते म्हणाले, ‘मग तुंबणारच की. वॉल्व्ह मेला नसंल. आधी काढून बघू, मग बोलू.’

माझ्यासारख्या ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा वॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेला थोडा जळका वायू वळवून पुन्हा इंजिनात पाठवतो. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे आतलं जळणं जरा थंड होतं. जळणं फार तापलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ते कमी व्हावेत म्हणून हा खटाटोप. सावकाश चालताना वॉल्व्ह उघडतो, चढाला पाय पूर्ण दाबला की त्याने बंद व्हायला हवं. माझा बंदच होत नव्हता. म्हणून घाटात इंजिनाला ताजी हवा अपुरी पडत होती आणि डिझेल अर्धवट जळून काळा धूर होत होता.

सकाळी दहाला गाडी थंड असतानाच काम सुरू झालं. मामांनी बॅटरीची वायर सोडली, हवेचा पाइप काढला, बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि चक्क चहा घ्यायला गेले. मला वाटलं वेळ काढतायत. ते म्हणाले, ‘हितं घाई केली की बोल्ट तुटतो. मग इंजिनाचं हेड उतरवायची पाळी.’ अर्ध्या तासाने एकेक बोल्ट हळूहळू फिरवत सोडवला.

वॉल्व्ह बाहेर आला तो मी हातात घेऊन बघितला. आतल्या तोंडाला बोटभर जाड काळा थर, वरून ओलसर, खाली दगडासारखा. जळक्या वायूतली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन असं होतं म्हणे. मधली दांडी बोटाने दाबली तर आत गेली आणि तिथेच अडकली. परत येईना. मामा म्हणाले, ‘बघा, हेच्यामुळं घाटात बसली गाडी.’

पुढचं काम त्यांनी ज्या निगुतीने केलं त्यासाठी मी हे लिहायला बसले. इंजिनाच्या उघड्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबलं, काजळीचा खडा आत पडू नये म्हणून. वॉल्व्हचा मोटरचा भाग वर धरून फक्त खालच्या तोंडावर क्लीनर मारला, प्लास्टिकच्या ब्रशने घासला, पुन्हा मारला. पोऱ्याने स्क्रूड्रायव्हर उचलला तर त्याच्या हातातून काढून घेतला: जिथे वॉल्व्ह टेकतो तिथे चरा पडला की तो कायमचा गळणार. दीड तास हेच चाललं होतं. शेवटी दांडी दाबून सोडली की टक्क करून जागेवर यायला लागली. तो आवाज मी तीनदा ऐकला.

मी पत्र्याचं विचारलं. मामांनी साफ नाही म्हटलं. ‘पीयूसीत डिझेलचा निस्ता धूर मोजत्यात, त्यात ही गाडी पास बी हुईल. पर जो वायू दिसत न्हाई तो तुमच्याच पोरीच्या छातीत जातोय.’ माझ्या मुलीला दमा आहे, हे त्यांना माहीतही नव्हतं. रात्री वकील भावाला फोन केला, तर तो म्हणाला की प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

नवीन गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये बसवतात ती चकती) टाकून वॉल्व्ह बसवला, कोड पुसला आणि मग स्कॅनरवर मला दाखवलं: वॉल्व्ह उघडायला लावला की आत येणाऱ्या हवेचा आकडा खाली, बंद केला की लगेच वर. दहा वर्षं गाडी चालवतेय, आत काय चालतं ते मला पहिल्यांदाच कुणी दाखवलं. जुनं गॅस्केटही हातात ठेवलं.

बिल 2,300 रुपये, गॅस्केट आणि क्लीनर धरून. बिल हाताने लिहिलेलं, छापील मिळत नाही. चार वाजता देतो म्हणाले होते, गाडी मिळाली साडेसातला. बसायला एक स्टूल आहे, बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ती व्हायला हवी. दिवसभर थांबणार असाल तर हे लक्षात ठेवा. सुरुवातीचे दहा-बारा किलोमीटर क्लीनरचा उग्र वास आला, मग गेला.

मागच्या आठवड्यात पुन्हा रत्नागिरीला जाऊन आले. साखरप्याहून वर येताना त्याच वळणावर दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबला, गाडी सरळ चढली. आरशात धूर नव्हता. मामांनी महिन्यातून दोनदा तरी हायवेला चांगली तापेपर्यंत चालवायला सांगितलंय, म्हणून आता रविवारी आम्ही कागलपर्यंत जाऊन येतो. गॅरेज सोमवारी बंद असतं. जाणार असाल तर सकाळी लवकर, गाडी गार असताना जा.