रडर पेडलची ‘खऱ्या विमानासारखी’ सेटिंग: एक महाग अनुभव

घरी संगणकावर विमान उडवण्याचा छंद असलेल्या नागपूरकरांनी पेडल विकत घेण्यापूर्वी वाचावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. तक्रार प्रलंबित असल्यामुळे संबंधित गृहस्थाचे नाव देत नाही; त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी मी रडर पेडलचा, म्हणजे विमानाच्या उभ्या शेपटीवरची हलती फळी (रडर) पायाने वळवून नाक डावी-उजवीकडे नेणाऱ्या पेडलचा, एक साधा, वापरलेला संच घेतला. त्यातली एक सुटलेली तार मी स्वतः डाग देऊन जोडली आणि खूण म्हणून तिथे पत्नीच्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका ठेवला. पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२ हे छोटे एका पंख्याचे विमान धावपट्टीवर उभे केले, तर पूर्ण शक्ती देऊनही ते जागचे हलेना. दोन रविवार त्यात गेल्यावर एका परिचिताने सीताबर्डीकडच्या एका ‘सेटिंगवाल्या’चा क्रमांक दिला. तो घरी आला, पेडलच्या वरच्या टोकाने लागणाऱ्या डाव्या-उजव्या ब्रेकच्या दोन्ही अक्षांपुढे (अक्ष म्हणजे पेडल किती दाबले हे सिम्युलेटरला सांगणारा आकडा) ‘रिव्हर्स’ची खूण केली आणि विमान चालू लागले. अक्ष उलटा असेल, तर पाय उचललेला असतानाही सिम्युलेटर ब्रेक पूर्ण दाबलेला समजतो, हे मला ठाऊक नव्हते. त्या दहा सेकंदांच्या कामावरून मी त्याला या विषयातला अधिकारी मानून बसलो, ही माझी पहिली चूक.

चहा घेताना तो म्हणाला, “साहेब, हे खेळणं आहे. यात पोटेन्शिओमीटर आहे, तो झिजतो. हॉल सेन्सरचा लोखंडी संच घ्या, मी खऱ्या विमानासारखी सेटिंग करून देतो.” त्याचे बोलणे खोटे नव्हते. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक स्पर्शक घासत फिरतो, त्यामुळे पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की आकडे उड्या मारतात. आणि आपल्याकडे उन्हाळ्याचे तीन महिने खोलीत कूलर धूळ व ओल दोन्ही फेकत असतो. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, तिथे काही घासतच नाही. खऱ्या माहितीच्या आडून खोटा माल विकता येतो, हे मला त्या वेळी सुचले नाही. किंमत ३२,००० रुपये ठरली, त्यातून जुन्या संचाचे ६,००० वजा झाले. उरलेले २६,००० मी यूपीआयने त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कोणाच्या खात्यात भरले, बिल ‘नंतर देतो’ यावर विश्वास ठेवला, आणि जुना संच तो त्याच दिवशी घेऊन गेला.

आठ दिवसांनी काळ्या रंगाचा, भरभक्कम लोखंडी संच आला. त्याने सेटिंग केली आणि मला सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टी ३२ वरून उड्डाण करायला लावले. विमान सुतासारखे सरळ धावले. वळणे घेतली, तरी विमान बाजूला घसरते आहे का हे दाखवणारा, टर्न कोऑर्डिनेटर या उपकरणातला बॉल मध्यभागीच राहिला. मी भारावून गेलो.

महिनाभराने शेजारचा मुलगा आला, जो वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. त्याने माझे उड्डाण पाहिले आणि विचारले, “काका, पाय तर तुम्ही उचलून ठेवलेत, मग बॉल मधात कसा काय राहिला?” सेस्नाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पूर्ण शक्ती दिली की पंख्यामागून निघालेला हवेचा पिळदार झोत उभ्या शेपटीवर आदळतो, आणि अशा कारणांनी नाक डावीकडे ओढले जाते, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी उजवा पाय द्यावाच लागतो. तो न देता विमान सरळ जात असेल, तर पाय दुसरेच कोणीतरी देत असते. सिम्युलेटरच्या सहाय्याच्या पर्यायांत ‘ऑटो रडर’, म्हणजे रडर आपोआप देणारी सोय, चालू सापडली. ती बंद केली, तर तेच विमान डावीकडे गवतात गेले.

उजवे पेडल दाबून पाहिले, तर बराच वेळ काहीच होईना आणि मग एकदम झटका बसे. सिम्युलेटरच्या संवेदनशीलतेच्या खिडकीत डेड झोन, म्हणजे पेडलची जेवढी हालचाल सिम्युलेटर मोजतच नाही तो भाग, २५ टक्के ठेवलेला होता. तो शून्यावर आणताच, पायही न लावता पेडलची हालचाल दाखवणारी पडद्यावरची पट्टी थरथरू लागली. म्हणजे झिजलेल्या पोटेन्शिओमीटरची थरथर डेड झोनने झाकली होती आणि डेड झोनचा निर्जीवपणा ऑटो रडरने. विंडोजमध्ये ‘रन’ उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ टाकले की जोडलेल्या कंट्रोलरची यादी दिसते. तिथे नाव माझ्या जुन्या संचाचेच होते. सहा स्क्रू काढले. आत जुने सर्किट, जुने पोटेन्शिओमीटर आणि गुलाबी ठिपका. माझाच संच मला २६,००० रुपयांना परत विकला गेला होता.

तेव्हा कोणी ‘रिअलिस्टिक’ पेडल दाखवले, तर सिम्युलेटर उघडण्याआधी त्याच विंडोजच्या खिडकीत प्रत्येक पेडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबून पाहावे. पट्टीने मध्येच उडी मारता कामा नये आणि पाय काढल्यावर ती दर वेळी त्याच जागी यायला हवी. सिम्युलेटरमधला डेड झोन या खिडकीला लागू होत नाही, म्हणून इथे लपवाछपवी करणे अवघड जाते. त्यानंतर सर्व सहाय्ये बंद करून डेड झोन शून्यावर आणावा आणि थरथर थांबण्यापुरताच वाढवावा. जमिनीवरही एक परीक्षा आहे: सेस्ना १७२ चे पुढचे चाक नुसत्या पेडलने दोन्ही बाजूंना सुमारे १० अंश वळते आणि एका बाजूचा ब्रेक दाबला तर ३० अंशांपर्यंत, म्हणून ब्रेकशिवाय जागच्या जागी गिरकी घेणारे विमान दिसले तर कौतुक करू नये. माझ्या सेटिंगवाल्याने खुर्चीकडे पाहिलेसुद्धा नव्हते. चाकांची खुर्ची पेडल दाबताच मागे सरकते, टाच जमिनीवर टेकत नाही आणि रडर देता देता नकळत ब्रेकही लागतो. खुर्ची पट्ट्याने पेडलच्या तळाला बांधली, तरी निम्मे काम होते.

फोन केल्यावर त्याने ५,००० रुपये परत पाठवले आणि नंतर क्रमांक बंद केला. मी व्यवहाराच्या नोंदी, छायाचित्रे आणि संदेश जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून तो अर्जही तयार करीत आहे. बिल नसल्यामुळे तो लिहायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो आहे. उघडलेला संच पुरावा म्हणून पेटीत बंद करून ठेवला असल्याने, सध्या मी जॉयस्टिकची मूठ पिळून रडर देतो.