परदेशातली नोकरी निवडताना आरोग्यसेवेचा हिशेब: जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि आपलं ठाणं

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांतली मुलं-मुली असोत की ठाण्या-नवी मुंबईच्या हॉस्पिटलांतल्या नर्सेस, परदेशातली ऑफर हातात आली की पगार, घरभाडं, टॅक्स, पीआर (कायम राहण्याचा परवाना) किती वर्षांत मिळतो, हे सगळं नीट तपासलं जातं. आजारी पडलो तर काय, हा विषय मात्र "तिकडे सगळं फ्री असतं" किंवा "कंपनी इन्शुरन्स देते" एवढ्यावरच संपतो. दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. मी घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कवर काम केलं आहे. बिल कोण भरणार, कधी भरणार आणि कोणत्या अटीवर, हे आधी बघायची सवय तिथे लागली. त्याच नजरेने हा आढावा घेतला आहे.

प्रत्येक देशाला मी तीनच प्रश्न विचारते. डॉक्टरांचे पैसे कुठून येतात? नोकरी गेली तर संरक्षण किती टिकतं? आणि आई-बाबांचं काय? आपल्या घरांत तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा असतो आणि ऑफर लेटरमध्ये त्याचं उत्तर कधीच नसतं.

जर्मनी: पगारातून कापलं जातं, पण कुटुंब आत येतं

१८८३ साली चान्सलर बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. जर्मनीची आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. सरकार स्वतः दवाखाने चालवून सगळ्यांना मोफत औषध देत नाही. 'क्रांकनकासे' नावाच्या नव्वदहून अधिक ना-नफा विमा संस्था आहेत, त्यातली एक आपण निवडायची. वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आणि त्यावर संस्थेनुसार थोडी जादा. २०२५ मध्ये या जादा वर्गणीची सरासरी २.५ टक्के धरली होती. एकूण रकमेतली निम्मी मालक भरतो आणि निम्मी तुम्ही.

महिना ५,००० युरो पगार असेल, तर त्या वर्षीच्या दराने तुमच्या स्लिपवर साधारण ४२७ युरो कापलेले दिसतील. म्हातारपणातल्या शुश्रूषेच्या विम्याची कपात वेगळी. रक्कम बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण त्या बदल्यात काय मिळतं ते बघा. कमावत नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं जादा पैसे न भरता त्याच विम्यात येतात. डायबेटिस आहे, थायरॉइड आहे म्हणून संस्था नाकारू शकत नाही आणि हप्ताही वाढवू शकत नाही. वर्गणी पगारावर ठरते, प्रकृतीवर नाही. ज्याने आपल्याकडे मेडिक्लेमचा प्रपोजल फॉर्म भरला आहे, त्याला या एका गोष्टीची किंमत लगेच कळेल. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला साधारण ५ ते १० युरो. आजारी पडलात तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे विमा संस्था. नोकरी गेली आणि बेरोजगार भत्ता सुरू झाला, तर आरोग्य विम्याची वर्गणी रोजगार कार्यालय भरतं.

एक सापळा मात्र आहे. ठरावीक उत्पन्नाच्या वर पगार गेला (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) की खाजगी विम्यात जायची मुभा मिळते. तिशीतल्या निरोगी माणसाला तो हप्ता स्वस्त दिसतो आणि स्पेशालिस्टची वेळही लवकर मिळते. पण तिथे बायको-मुलांचा प्रत्येकाचा हप्ता वेगळा, वयाबरोबर वाढत जाणारा, आणि पंचावन्नीनंतर क्रांकनकासेच्या सरकारी व्यवस्थेत परतणं जवळपास अशक्य. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल, तर या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी विम्यावर त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे महिना-महिना थांबावं लागतं. त्यासाठी ११६११७ हा क्रमांक आहे, त्यावरून वेळ मिळवून देतात.

आई-बाबा? १ मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावता येतं. पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय आधी दाखवावी लागते. सरकारी विमा त्यांना मिळत नाही आणि पासष्टीच्या, शुगर-बीपी असलेल्या माणसाला खाजगी विमा परवडणाऱ्या दरात मिळणं फार कठीण. म्हणजे दार उघडलं आहे, उंबरठा मात्र फार उंच आहे.

ब्रिटन: बिल येत नाही, पण आधी भरावं लागतं आणि मग थांबावं लागतं

५ जुलै १९४८ ला अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना एनएचएस, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, सुरू झालं. खर्च मुख्यतः करांतून होतो आणि उपचारांच्या वेळी खिशात हात घालावा लागत नाही. बाळंतपण, अपघात, कॅन्सर, काहीही असो, काउंटरवर डिपॉझिट मागणारं कोणी नाही. डिपॉझिटसाठी मंगळसूत्र काढून देणारी बाई मी डेस्कवरून पाहिली आहे, म्हणून या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण बाहेरून येणाऱ्याला ती फुकट नाही. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे. तीन वर्षांचा व्हिसा, नवरा-बायको आणि एक मूल असा हिशेब केला तर ८,५३८ पौंड होतात. सुमारे दहा लाख रुपये, तेही आगाऊ, आणि पगारातून टॅक्स कापला जाणार तो वेगळाच. कंपनी हा अधिभार भरणार का, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्या. नर्सेससाठी चित्र पूर्ण वेगळं आहे: आरोग्य क्षेत्राच्या व्हिसावर त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला हा अधिभार माफ आहे. त्यामुळे कळव्याच्या किंवा नेरुळच्या एखाद्या नर्सने ब्रिटन आणि जर्मनी यांत निवड करताना आयटीवाल्या मित्राचं गणित वापरू नये.

एनएचएसमध्ये पहिली पायरी जीपी, म्हणजे घराजवळचा फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट नाही. गोखले रोडवर संध्याकाळी सातला थेट हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन बसणाऱ्या आपल्या लोकांना हे फार जड जातं. चिठ्ठीनंतर अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, पण इंग्लंडमध्ये ते २०१६ नंतर पाळलं गेलेलं नाही आणि प्रतीक्षा यादी ७० लाखांच्या वर गेली आहे. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांसाठी महिनोन्‌महिने जातात. कॅन्सरचा संशय आला तर मात्र वेगळ्या, तातडीच्या रांगेत घालतात. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक नगाला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही.

नोकरीचा प्रश्न इथे हलका आहे. व्हिसा चालू आहे तोवर उपचार चालू. आई-बाबांचा प्रश्न मात्र जवळपास बंद दार आहे. २०१२ पासून वृद्ध पालकांसाठीचे नियम इतके कडक आहेत की तो व्हिसा क्वचितच मिळतो. फिरायला आलेले वडील ॲडमिट झाले, तर एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. प्रवास विम्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.

अमेरिका: सगळं कंपनीवर

अमेरिका आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त खर्च करते, जर्मनी १२ टक्क्यांच्या आसपास. तरीही सगळ्यांना कवेत घेणारी एकच योजना तिथे नाही. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेला तरुण या दोन्हींच्या बाहेर असतो, तो कंपनीच्या विम्यावर अवलंबून.

इथे विमा असूनही बिल येतं. समजा, डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ३,००० डॉलर आहे आणि त्यापुढचा २० टक्के वाटा तुमचा. २०,००० डॉलरच्या शस्त्रक्रियेत आधी ३,०००, मग उरलेल्या १७,००० चे २० टक्के म्हणजे ३,४००, एकूण ६,४०० डॉलर तुमच्या खिशातून. बहुतेक योजनांमध्ये हे मीटर दरवर्षी जानेवारीत शून्यावर येतं. डिसेंबरात तपासण्या आणि जानेवारीत ऑपरेशन झालं, तर डिडक्टिबल दोनदा भरावं लागतं. म्हणून ऑफर लेटरवरचा "मेडिकल" हा शब्द पुरेसा नाही. कुटुंबाचा मासिक हप्ता किती, डिडक्टिबल किती आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, हे तीन आकडे एचआरकडून मागून घ्या. मोठ्या कंपनीत ते चांगले असतात, छोट्या कन्सल्टन्सीत वाईट असू शकतात.

नोकरी गेली की विमाही जातो. कोब्रा नावाच्या कायद्याने तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही तुम्हीच भरायचा. एच-१बी वाल्याला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस असतात. ऐन गरोदरपणात नोकरी गेली तर काय, याचा विचार जोडप्याने आधीच करावा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांचा व्हिजिटर विमा जुन्या आजारांना सहसा हात लावत नाही.

कॅनडा आणि बाकीचे

कॅनडात सरकार विमा देतं आणि डॉक्टर बहुतेक खाजगीच असतात. टॉमी डग्लस प्रमुख (प्रीमियर) असलेल्या सस्कॅचेवान प्रांतात १९४७ साली हॉस्पिटलचा विमा सुरू झाला आणि तिथूनच ही व्यवस्था देशभर गेली. प्रत्येक प्रांताची योजना वेगळी: ऑन्टारिओने नव्याने आलेल्यांसाठीची तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली, ब्रिटिश कोलंबियात अजून थांबावं लागतं. डॉक्टर आणि हॉस्पिटल मोफत, पण घरी घ्यायची औषधं आणि दात बहुतेकांसाठी बाहेर, त्यासाठी कंपनीचा जोडविमा लागतो. फॅमिली डॉक्टरची टंचाई खरी आहे. कॅनडाचं बलस्थान तिसऱ्या प्रश्नात आहे. पीआर किंवा नागरिकत्व मिळालं की सुपर व्हिसावर आई-बाबा एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा काढावा लागतो. या चार देशांत पालकांना दीर्घकाळ जवळ ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग मला इथेच दिसतो.

दुबईत विमा सक्तीचा आहे. कामगाराचा मालकाने भरायचा, कुटुंबाचा प्रायोजकाने, म्हणजे बहुधा तुम्हीच. सिंगापूरची मेडिसेव्ह-मेडिशील्डची (सक्तीची आरोग्य बचत आणि विमा) नावाजलेली व्यवस्था नागरिक आणि पीआरसाठी आहे, कामाच्या पासवर गेलेल्याला ती मिळत नाही. जपानमध्ये मात्र तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला सरकारी विम्यात यावंच लागतं. बिलाचा ३० टक्के वाटा आपला, दर देशभर एकच, आणि मोठ्या खर्चाला महिन्याची मर्यादा.

आणि ठाण्यात उरलेलं घर

आपल्याकडे या सगळ्या पद्धती एकाच शहरात नांदतात. वागळे इस्टेटच्या कामगाराची ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, जर्मनीच्या धाटणीची: पगाराच्या ०.७५ टक्के त्याचे, ३.२५ टक्के मालकाचे. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय करांवर चालतं आणि शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण पेलतं. मेडिक्लेम अमेरिकेच्या वळणाचा. आणि उरलेलं सगळं रोखीने. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला थेट वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. तरीही तो फार मोठा आहे.

माझ्या पुतणीपुढे आणि तिच्या नवऱ्यापुढे म्युनिक आणि मँचेस्टर असे दोन पर्याय आहेत. दोघं घणसोलीत राहतात, मूल व्हायचं आहे, आणि तिच्या सासूबाईंना मधुमेह आहे. मी तिला म्युनिक सांगितलं, तेही सरकारी विम्यासह. सासूबाई मात्र यापैकी कुठल्याच देशाच्या विम्यात येणार नाहीत, हे गृहीत धरूनच तिने इथली व्यवस्था लावावी.

म्हणजे नेमकं काय? कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा असतील, तर राजीनाम्याबरोबर तेही बाहेर पडतात. त्याआधी त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा. जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (पॉलिसी असूनही त्यांचा खर्च न मिळण्याचा काळ) आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. तुमची स्वतःची भारतातली पॉलिसी असेल तर ती चालूच ठेवा, परत आल्यावर नव्याने सुरुवात नको. रूम भाड्याची मर्यादा बघा. मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची घेतली, तर फक्त खोलीचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ओटीचा खर्च असं बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं; २ लाखांचे १.२५ लाखच मंजूर होतात.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघालं आहे, ५ लाखांपर्यंत. खाजगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही २०२४ पासून पांढऱ्या रेशन कार्डासकट सगळ्यांना खुली आहे. ठाणे-नवी मुंबईतली कोणती हॉस्पिटलं यादीत आहेत आणि कोणत्या उपचारांसाठी आहेत, ते आजारपण येण्याआधी बघून ठेवा. मोठ्या इमारतीवरून काहीच कळत नाही.

आणि मोबाइल नंबर. डेस्कवर सगळ्यात जास्त वेळ इथे जायचा. पॉलिसीला मुलाचा जुना नंबर जोडलेला असायचा, तो परदेशात गेल्यावर बंद पडलेला. ओटीपी येत नाही, ई-कार्ड निघत नाही, वडील कॅज्युअल्टीत, आणि आई चष्मा शोधत कागद उलगडत उभी. नंबर आईचा जोडा, ईमेल तुमचा ठेवा, आणि पॉलिसी, आधार, जुने रिपोर्ट यांची एक फाइल शेजारच्या बिऱ्हाडालाही दाखवून ठेवा. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे एका शनिवारी उरकता येतं.