स्पॅनिशची प्लेसमेंट टेस्ट की प्रावीण्य परीक्षा? विद्यापीठात पाऊल टाकण्याआधी करायची निवड

शाळेत तीन-चार वर्षं स्पॅनिश करून अमेरिकेतल्या विद्यापीठात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एकदम अर्धा डझन परीक्षांची नावं येतात. विभागाची प्लेसमेंट टेस्ट, क्लेप, शाळेतच दिलेल्या एपीचे गुण, स्टॅम्प, ओपीआय, शिवाय कुणीतरी सुचवलेली डेले किंवा सिएले. यांतली चांगली कोणती, असं विचारलं तर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येकीतून हाती पडणारी गोष्ट वेगळी आहे. त्यामुळे परीक्षा निवडण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवावं: योग्य पायरीच्या वर्गात जागा, ट्रान्स्क्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अंक, भाषेच्या सक्तीतून सूट, की विद्यापीठाबाहेर दाखवता येईल असं प्रमाणपत्र?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रेडिट आणि सूट यांच्यात. समजा पदवीला 120 क्रेडिट लागतात आणि स्पॅनिश चौथ्या सेमिस्टरपर्यंत सक्तीची आहे. सूट मिळाली तर सक्ती संपली, पण 120 चा आकडा तसाच राहतो. सुटलेल्या कोर्सच्या जागी दुसरे कोर्स घ्यावेच लागतात. क्रेडिट मिळालं तर सक्तीही उतरते आणि आकडाही खाली येतो. एखादी फी भरायची परीक्षा देण्याआधी तिच्यातून या दोनांपैकी काय मिळणार, हे रजिस्ट्रारच्या पानावर किंवा अॅडव्हायझरच्या ईमेलमध्ये लेखी स्वरूपात बघून घ्या. तोंडी उत्तरावर फी भरू नये.

प्लेसमेंट टेस्ट: सोपी वाटते, म्हणून बिघडते

ही परीक्षा फक्त तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते सांगते. काही विद्यापीठं स्वतःची टेस्ट वापरतात, काही वेबकेपसारखी तयार टेस्ट घेतात, जिचा उगम ब्रिगहॅम यंग विद्यापीठात झाला. वेबकेप अनुकूली आहे: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, आणि तुमची पातळी स्थिर दिसली की परीक्षा थांबते. बहुतेकांची वीस ते तीस मिनिटांत आटपते. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. प्रश्न एकाएकी अवघड व्हायला लागले म्हणून घाबरू नका. तुमचं चांगलं चाललंय असाच त्याचा अर्थ. पण तिथे अंदाजाने ठोकत सुटू नका. चार तुक्के लागले तर गुण तुमच्या खऱ्या पातळीच्या वर जातात आणि त्याची किंमत सप्टेंबरमध्ये चुकवावी लागते.

किती गुणांना कुठला वर्ग, हे प्रत्येक विभाग स्वतः ठरवतो. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात अर्थ नाही.

घरून, कुणाच्याही देखरेखीशिवाय दिली जाते म्हणून भाषांतराचं अॅप किंवा स्पॅनिश येणारी मैत्रीण शेजारी घेऊन बसणारे असतात. नियमभंगाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी नुकसान स्वतःचंच होतं. 202 च्या वर्गात (101, 102, 201 नंतरचा, चौथ्या सेमिस्टरचा कोर्स) पहिल्या दिवसापासून सगळं स्पॅनिशमध्ये चालतं. तिथे सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) शिकवत नाहीत, तो येतो असं गृहीत धरून पुढे जातात. दोन आठवड्यांत झेपत नाही हे कळतं. तोवर कोर्स बदलण्याची मुदत उलटलेली असते आणि 201 चे वर्ग भरलेले असतात. मग ट्रान्स्क्रिप्टवर कोर्स सोडल्याची खूण तरी पडते, नाहीतर वाईट ग्रेड तरी.

याच्या उलट चूकही होते. शाळा सुटल्यावर सहा-आठ महिने भाषेशी संबंध नसतो आणि विद्यार्थी थकलेल्या संध्याकाळी टेस्ट उरकून टाकतो. भाषा विसरलेली नसते, गंजलेली असते. आठवडाभर रोज अर्धा तास सोपा मजकूर वाचला आणि प्रेतेरितो व इम्पेर्फेक्तो या दोन भूतकाळांची रूपं, सेर आणि एस्तार (‘असणे’ची दोन क्रियापदं), पोर आणि पारा (‘साठी’ची दोन अव्ययं) यांची उजळणी केली, तर जे खरोखर येत होतं ते वर येतं. एवढी तयारी प्रामाणिक आहे आणि करावीच. त्यापुढे जाऊन महिनाभर व्याकरण घोकणं मात्र आमच्या मते टाळावं, कारण घोकलेल्या नियमांवर मिळालेल्या वर्गात बोलावं लागतं.

बिनक्रेडिटच्या टेस्टमधून मिळणारं क्रेडिट

प्लेसमेंट टेस्टला क्रेडिट नसतं, हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण अनेक विद्यापीठांत मागच्या कोर्सचं क्रेडिट देण्याची तरतूद असते आणि ती फार थोड्यांना वेळेवर कळते. टेस्टने तुम्हाला 202 मध्ये बसवलं आणि तो कोर्स तुम्ही ठरलेल्या ग्रेडने (बहुधा बी, कुठे सी) पूर्ण केला, तर आधीच्या 101, 102 आणि 201 चं क्रेडिटही खात्यात जमा होतं. प्रत्येक कोर्स तीन क्रेडिटचा धरला, तर एका कोर्सच्या मेहनतीत 12 क्रेडिट.

अटी मात्र कडक असतात. तो तुमचा त्या विद्यापीठातला स्पॅनिशचा पहिलाच कोर्स असावा लागतो. नियमित ग्रेड घ्यावी लागते, नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण चालत नाही. काही ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यालाही मुदत असते. भीतीपोटी आधी 102 घेतला, मग 202 कडे वळलात, तर ही वाट बंद. म्हणून 201 आणि 202 च्या सीमेवर असाल, आणि त्या सेमिस्टरमध्ये प्रयोगशाळेचे दोन जड कोर्स नसतील, तर वरचा वर्ग घ्या असंच आम्ही सुचवू. सीमेवर नसाल तर टेस्टने दिलेला वर्ग मुकाट्याने घ्या.

क्लेप आणि एपी

एपी ही शाळेत असतानाच, मे महिन्यात द्यायची परीक्षा. गुण 1 ते 5, आणि त्यात बोलणं व लिहिणंही असतं. ती दिली असेल तर गुण विद्यापीठाला पाठवा आणि आधी त्याचंच काय मिळतं ते बघा. नसेल दिली, तर क्लेप उरते, म्हणजे कोर्स न करता क्रेडिट मिळवण्यासाठीची परीक्षा.

क्लेपची स्पॅनिश परीक्षा साधारण दीड तासाची, सुमारे 120 प्रश्नांची आणि पूर्ण बहुपर्यायी. दोन भाग ऐकण्याचे, एक वाचनाचा. गुण 20 ते 80 मध्ये. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस 50 गुणांना 6 क्रेडिट आणि 63 गुणांना 9 क्रेडिट अशी आहे. विद्यापीठ ती मानेलच असं नाही, काही ठिकाणी जास्त गुण मागतात किंवा क्रेडिटऐवजी सूट देतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्लेसमेंट टेस्टला लागू असलेला सल्ला इथे बरोबर उलटा होतो.

लोक अडकतात ते ऐकण्याच्या पहिल्या भागात. एक वाक्य किंवा छोटा संवाद ऐकू येतो, आणि त्यावरचे पर्यायही फक्त ऐकू येतात. पडद्यावर छापलेले नसतात. पर्याय वाचून उलगडण्याची सवय असलेला विद्यार्थी इथे हमखास गडबडतो. तयारी करताना लिखित मजकूर झाकून, एकदाच ऐकून उत्तर द्यायचा सराव करा. परीक्षा परत द्यायची झाल्यास तीन महिने थांबावं लागतं, म्हणून नोंदणीच्या तारखा पाहून पहिला प्रयत्न लवकर ठेवा.

आणखी एक: बऱ्याच विद्यापीठांत, ज्या पायरीचा किंवा तिच्या वरचा कोर्स तुम्ही घेतलाय, त्या पायरीचं क्लेपचं क्रेडिट धरत नाहीत. म्हणजे क्लेप आधी, कोर्स नंतर. शिवाय क्लेपचं क्रेडिट आणि मागच्या कोर्सचं क्रेडिट ही दोन्ही एकाच 101 साठी दोनदा मिळत नाहीत. स्पॅनिश पुढे शिकायचीच नसेल, फक्त सक्ती उरकायची असेल, तर क्लेप सरस. स्पॅनिश मुख्य किंवा दुय्यम विषय करायचा असेल तर प्लेसमेंट आणि वरचा कोर्स हा रस्ता चांगला, कारण क्लेपमध्ये तोंडातून एक शब्दही काढावा लागत नाही, आणि तिथून थेट संभाषणाच्या वर्गात गेलेल्याची फार ओढाताण होते.

स्टॅम्प आणि ओपीआय: बोलणं आणि लिहिणं मोजणाऱ्या परीक्षा

सूट देण्यासाठी किंवा पदवीच्या शेवटी प्रावीण्य तपासण्यासाठी विभाग या मागतात. स्टॅम्प संगणकावर चारही कौशल्यं तपासते. वाचन आणि श्रवण अनुकूली. बोलण्याचे आणि लिहिण्याचे तीन-तीन विषय, जे माणसं तपासतात. पातळ्या 1 ते 9. ढोबळ मानाने 4 ते 6 म्हणजे मध्यम, 7 ते 9 म्हणजे प्रगत. इथल्या बऱ्याच चुका भाषेच्या नसतातच. माइक लांब ठेवल्याने आवाज पुसट येतो आणि ते उत्तर तपासताच येत नाही. तीस सेकंदात बोलणं संपवून विद्यार्थी ‘झालं’ म्हणतो, मग तपासणाऱ्याकडे वरची पातळी द्यायला पुरावाच नसतो. ñ, á, ¿ कसे टाइप करायचे ते ऐन वेळी शोधण्यात मिनिटं जातात. आदल्या दिवशी त्याच संगणकावर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका आणि या चिन्हांसह दोन परिच्छेद टाइप करून बघा.

ओपीआय ही प्रशिक्षित परीक्षकाशी पंधरा ते तीस मिनिटांची मुलाखत. ओपीआयसीमध्ये परीक्षकाच्या जागी पडद्यावरचं पात्र असतं. दोन्हींत अमेरिकेतल्या अॅक्टफल या भाषाशिक्षकांच्या संस्थेच्या पायऱ्या वापरतात: नवशिका, मध्यम, प्रगत, आणि त्यावर श्रेष्ठ; पहिल्या तिघांत पुन्हा खालचा, मधला, वरचा असे भाग. शाळेतून चांगली तयारी करून आलेले पुष्कळ विद्यार्थी मध्यम पायरीवर थांबतात, आणि त्याचं कारण शब्दसंग्रह नसतो. प्रगत पायरीला भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांत सलग परिच्छेदाएवढं बोलून दाखवावं लागतं, आणि तेही पूर्ण मुलाखतभर टिकवावं लागतं. एकदा उत्तम सांगितलेली घटना पुरत नाही. परीक्षक मुद्दाम प्रश्न अवघड करत नेतो, कारण तुमची भाषा कुठे तुटते ते त्याला बघायचं असतं. अडखळलात तर तो परत सोप्यावर येईल. खचून जाऊ नका. प्रत्येक उत्तराला ‘आधी, मग, त्या वेळी, म्हणून’ असे जोड लावून पाच-सहा वाक्यं सलग बोलायची सवय ही एकमेव खरी तयारी.

ओपीआयसीत सुरुवातीला आवडीनिवडींची प्रश्नावली आणि स्वतःची पातळी निवडायची असते. निवडलेल्या छंदांवरच प्रश्न येऊ शकतात, म्हणून ज्याबद्दल बोलता येतं तेच निवडा. पातळी सावधगिरीने खालची निवडली तर प्रश्नही खालचे येतात आणि वरची श्रेणी मिळण्याचा मार्गच राहत नाही. स्पॅनिशची शिक्षिका किंवा शिक्षक व्हायचं असेल तर अनेक अभ्यासक्रम प्रगत-खालच्या पायरीची अपेक्षा ठेवतात. त्यांच्यासाठी ही परीक्षा टाळता येण्यासारखी नाही.

डेले आणि सिएले

ही प्रमाणपत्रं विद्यापीठाबाहेर चालतात: स्पेनमध्ये शिकायला जायचं असेल, नोकरीत दाखवायची असतील. अमेरिकी विद्यापीठ त्यांवर क्रेडिट देईलच असं नाही, विभागाला विचारावं लागतं.

डेले स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस देते आणि तिची मुदत कधीच संपत नाही. ए1 (सुरुवातीची) ते सी2 (सर्वांत वरची) या युरोपीय पायऱ्यांतली पातळी तुम्ही आधीच निवडता, आणि पास किंवा नापास एवढाच निकाल. बी2 ला बसून थोडक्यात हुकलात तर बी1 मिळत नाही. बी2 मध्ये 50-50 गुणांचे दोन गट असतात आणि प्रत्येकात किमान 30 लागतात. वाचन-लेखनात 45 मिळवून श्रवण-संभाषणात 28 आले, तर नापास. परीक्षा ठरावीक तारखांनाच होते आणि निकालाला महिने लागू शकतात. सिएले संगणकावर होते, एकूण 1000 गुण, चार कौशल्यांना 250 प्रत्येकी. नापास असा प्रकार नाही, जेवढे गुण तेवढी पातळी, सी1 पर्यंत. निकाल तीन आठवड्यांत, मुदत पाच वर्षं. अर्जाची तारीख जवळ असेल किंवा पातळीची खात्री नसेल तर सिएले. पातळी पक्की असेल आणि वेळ असेल तर डेले.

घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरात स्पॅनिश बोलली जाते, पण शिक्षण इंग्रजीत झालं, त्यांना बहुपर्यायी प्लेसमेंट टेस्ट नीट मोजू शकत नाही. सहज बोलणारी मुलगी व्याकरणाच्या नावांवर आणि अॅक्सेंटच्या खुणांवर अडखळते, आणि टेस्ट तिला 102 मध्ये बसवते, जिथे तिचा जीव कंटाळतो. अनेक विभागांत अशा विद्यार्थ्यांसाठी लेखनावर भर देणारे वेगळे कोर्स असतात. टेस्टच्या सुरुवातीला घरच्या भाषेबद्दल विचारतात. तिथे खरं उत्तर द्या, लपवून फायदा नाही. उलट, ज्यांचं शालेय शिक्षणच स्पॅनिशमध्ये झालंय त्यांना सुरुवातीच्या कोर्सचं क्रेडिट बऱ्याच ठिकाणी नाकारतात. ते क्लेपची फी भरण्याआधी तपासा.

वर्ग चुकला असं वाटलं तर पहिल्याच आठवड्यात विभागात जा, कोर्स बदलण्याची मुदत संपेपर्यंत थांबू नका. जुनी वही किंवा शाळेतलं एखादं लेखन सोबत न्या आणि समोरच्या प्राध्यापकांशी स्पॅनिशमध्येच बोला. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यावरून वर्ग बदलून द्यायचा अधिकार बहुधा विभागातल्या भाषा-समन्वयकाकडे असतो, आणि तो वापरायला ते सहसा तयार असतात.