एकच पेपर लावायचा तर कोणता?

शेजारच्या काकांना दोनपैकी एक पेपर बंद करायचाय. एक मोठ्या साखळीचं दैनिक, जिल्हा पुरवणीसह. दुसरं गावातच छापलं जाणारं चारपानी. क्रिकेट, दिल्ली, हवामान मोबाइलवर कळतंच. काकांना हवंय ते नगरपरिषदेत काय शिजतंय एवढंच. म्हणून महिनाभर मी दोन्ही त्याच नजरेने वाचले.

पथदिव्यांच्या ठेक्याचं प्रकरण घ्या. चारपानीने ठराव क्रमांक दिला, बिलातला दिव्याचा दर दिला आणि खाली दुकानातला दरही छापला. मोठ्या पेपरने छापलं : ‘ठेक्यावरून सभेत खडाजंगी’. दोन्ही गटांचे आरोप, आणि ठेकेदार म्हणजे ‘बड्या नेत्याचा निकटवर्तीय’. तो निकटवर्तीय कोण, हे चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही ठाऊक होतं.

पण आठवड्याने चारपानीत त्याच ठेकेदाराची नगराध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी पानभर जाहिरात आली आणि दिवे विझले ते विझलेच. चौकशी समिती नेमल्याचं शेवटी मोठ्यातच वाचायला मिळालं, पाचव्या पानावर चार ओळींत.

असं का होतं, ते जाहिरातीच्या हिशोबात दिसतं. मोठ्याच्या तालुका वार्ताहराला मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच्याच घोटाळ्याची बातमी तो कशी लिहिणार? चारपानीचा मालकच संपादक, आणि त्याची भिस्त सरकारी जाहिरातींवर. त्यात नगरपरिषदेच्या निविदाही आल्या.

मोठ्या पेपरांच्या नावावर भुलू नका. 1981 मध्ये इंडियन एक्सप्रेसने देणग्यांच्या बदल्यात सिमेंटचा कोटा दिल्याचं प्रकरण लावून धरलं आणि जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत मात्र मोठ्या मराठी दैनिकांत नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उघड केला, तेव्हा ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घरोघरी पोचला.

पाठपुराव्यात मोठा पेपर सरस ठरू शकतो, ठरवलं तर. जळगाव नगरपालिकेच्या घरबांधणी योजनेतल्या, म्हणजे घरकुल घोटाळ्याची तक्रार 2006 ची, आणि विशेष न्यायालयाचा निकाल 2019 चा. तेरा वर्षं तारखा लिहीत राहायला पदरी पगारी माणूस लागतो. चारपानी तेवढी वर्षं टिकेल याचाच भरवसा नाही.

तरी माझं मत चारपानीला. पहिलं पान नंतर वाचा. आधी मागच्या पानावरच्या जाहीर निविदा बघा. काम कोणतं, रक्कम किती, मुदत किती दिवसांची. सातच दिवसांची मुदत दिसली की काम आधीच कुणाला ठरलंय की काय, म्हणून पेन्सिलीने खूण करून ठेवा. मोठ्याची पुरवणी वाचनालयात फुकट मिळते.

काकूंचा कौल मात्र मोठ्याला. रद्दी जास्त निघते म्हणे.