कोरड्या प्लेटांची पुडी आणि 3,880 रुपये

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. घर्षण म्हणजे काय, ते कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे गेली अठरा वर्षे मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगत आलो आहे. त्यामुळे मोटारसायकलच्या क्लचच्या दुरुस्तीत, म्हणजे नेमक्या घर्षणाच्याच व्यवहारात, एका मिस्त्रीने मला 3,880 रुपयांना फसवले हे लिहिताना हात जड होतो. तरीही लिहितो आहे, कारण पावसाळ्याच्या तोंडावर कोकणच्या या पट्ट्यातील बहुतेकांच्या गाड्या गॅरेजात जातात.

माझी गाडी 150 सीसीची, नऊ वर्षांची आहे. मे महिन्याच्या अखेरीस चढावर तिची लक्षणे दिसू लागली. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढे, पण गाडी तेवढ्या प्रमाणात पुढे जात नसे. क्लच, म्हणजे इंजिनाचा जोर प्लेटांच्या घर्षणाने पुढे चाकाकडे पोचवणारा भाग, घसरतो आहे, एवढे मला कळले होते. मी अगदीच अडाणी नव्हतो, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. मात्र घरी साधी तपासणीदेखील न करता मी गाडी महामार्गालगतच्या एका गॅरेजात नेली, कारण शाळा सुरू होण्यापूर्वी हे काम उरकायचे होते आणि तो मिस्त्री 'हुशार' असल्याचे दोघा सहकाऱ्यांनी सांगितले होते.

त्याने क्लचचा दांडा एकदा दाबला, किक मारली आणि निदान सांगितले, "सर, प्लेटा गेल्या. पूर्ण संच घालावा लागेल. दोन तास लागतील, तुम्ही चहा घेऊन या." पाऊस होता, मी एसटी स्थानकावर जाऊन बसलो. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. बिल असे होते: क्लच प्लेट संच 1,450, स्टील प्लेटा 680, स्प्रिंगा 160, गॅस्केट (झाकणाच्या सांध्यात तेल गळू नये म्हणून बसवायची पट्टी) 120, तेल 430, केबल 190 आणि मजुरी 850. कागदावर गॅरेजचे नाव नव्हते, शिक्का नव्हता, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्यावर तिसऱ्याच कोणाचे तरी नाव होते.

आता त्या क्षणाकडे येतो, जो आठवला की आजही माझा संताप स्वतःवरच उलटतो. जुने भाग परत मागावेत, हे मला माहीत होते आणि मी ते मागितलेही. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी लगेच, जणू तयारच असल्यासारखी, माझ्या हातात ठेवली. मी ती उघडून पाहिली. आत चार प्लेटा होत्या, झिजलेल्या आणि काळपट. मी समाधानाने मान हलवली. त्या प्लेटा कोरड्या होत्या! या गाडीचा क्लच इंजिनाच्या तेलात भिजलेला असतो. तासाभरापूर्वी बाहेर काढलेल्या प्लेटांमधून तेल गळायला हवे होते, कागद पारदर्शक व्हायला हवा होता. माझ्या बोटांना लागली ती धूळ. मी ती खिशातल्या पांढऱ्या रुमालाला पुसली आणि रुमालावर तेलाचा एक ठिपकाही उमटला नाही. मुलांना निरीक्षण करा, निष्कर्ष काढा, असे रोज सांगणारा मी, ती पुडी डिकीत टाकून निघालो.

दुसरी खूण दुसऱ्याच दिवशी मिळाली होती. तेल तपासायची पट्टी काढून पाहिली तर नव्या तेलाच्या जागी काळेभोर तेल! मी फोन केला. उत्तर मिळाले, "सर, नवीन तेल पहिल्या दिवशी काळं होतंच." मी विश्वास ठेवला. क्लचचा दांडाही पूर्वीपेक्षा जड लागत होता, आणि नव्या प्लेटा बसेपर्यंत तसे होणारच, अशी माझी मीच समजूत घातली. गाडी ओढत होती, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखे एकच कारण.

बाविसाव्या दिवशी कराडकडे निघालो असता पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणावर जळका वास आला. इंजिन ओरडत होते आणि गाडी जागच्या जागी होती. धुके, पाऊस आणि मागे ट्रकांची रांग. गाडी टेम्पोत घालून गुहागर तालुक्यातील घरी आणण्याचे 2,200 रुपये झाले.

त्यानंतर जे मी आधी करायला हवे होते ते केले. गाडी डाव्या अंगाला आधाराने टेकवली, तेल काढले, केबल सोडवली, किकचा दांडा उतरवला आणि उजव्या बाजूचे झाकण उघडले. गॅस्केट नव्हतेच, त्या जागी लाल सिलिकॉन फासलेले होते. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल केले आणि चारही स्प्रिंगांखालून एकेक वायसर, म्हणजे भोक असलेली धातूची चकती, घरंगळून परातीत पडला. संपूर्ण लबाडी त्या चार वायसरांत होती. मऊ पडलेल्या जुन्या स्प्रिंगांना वायसरांची उठी दिली की प्लेटांवरचा दाब वाढतो, घसरणे काही दिवस थांबते आणि दांडा जड होतो. प्लेटा जुन्याच होत्या, फक्त सँडपेपरने घासलेल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या उपकरणाने) मोजल्या, तर नव्या प्लेटेची जाडी साधारण 3 मिलिमीटर असते तिथे या 2.5 भरल्या. स्टीलच्या प्लेटा उष्णतेने निळ्या पडल्या होत्या आणि काचेवर ठेवल्यावर त्यांतील दोन डुगडुगत होत्या. माझ्या गाडीत घर्षणाच्या पाच प्लेटा असतात; पुडीत चार होत्या आणि त्यांचे दातेदेखील जुळत नव्हते. 3,880 रुपयांत खरी आणि नवी वस्तू एकच मिळाली, ती म्हणजे 190 रुपयांची केबल. आणि तीही इतकी ताणून बसवलेली, की दांड्याच्या टोकाला मोकळी हालचाल उरलीच नव्हती. ही हालचाल साधारण 10 ते 20 मिलिमीटर असावी लागते. ती नसेल तर चांगला क्लचही घसरतो. म्हणून गॅरेजची वाट धरण्यापूर्वी पट्टी लावून ती मोजा.

चिपळूणच्या बाजारातून प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट आणि तेल आणले, 2,050 रुपयांत. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवून ठेवल्या आणि बोल्ट आवळताना जोर लावला नाही, कारण त्यांचे आटे फार लवकर जातात. तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' (तेलात भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) असे लिहिलेले पाहूनच घ्या. चारचाकीचे तेल घातले तर नव्या प्लेटाही घसरू शकतात.

पण माझी खरी चूक इथेच झाली. झाकण मी एकट्याने, साक्षीदाराशिवाय, एकही छायाचित्र न काढता उघडले. जाब विचारला तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः उघडलीत, आता आत काय होतं ते मी कसं सांगू?" पोलीस ठाण्यात हेच वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकावे लागले. तिथे दीड तास बसवून ठेवल्यावर हा दिवाणी मामला असल्याचे सांगण्यात आले; भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचेच आहे ना, असे मी विचारले, तेव्हा "तुम्ही शिकलेले, तुम्हीच असे फसलात तर कसे?" हे उत्तर आले आणि बाकावरची दोन माणसे हसली. अर्जाच्या प्रतीवर पोच देण्यास नकार मिळाला. परिवहन खात्याच्या कार्यालयात गॅरेजांवर आमचे नियंत्रण नाही असे ऐकवले गेले. एका मदत क्रमांकावर चाळीस मिनिटे संगीत ऐकून तक्रार नोंदवली, तर नवव्या दिवशी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा संदेश आला. कोणी केले, कसे केले, किती रुपयांचे केले? उलट विचारायला त्या संदेशाला उत्तरही देता येत नाही. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच होता, पक्के बिल आहे का. जणू फसवणारा माणूस जीएसटीचे बिल देऊनच फसवतो!

तेव्हा चहाला जाऊ नका, तिथेच उभे राहा. गाडी सोडूनच जायचे असेल तर झाकणाच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे ते उघडले की नाही हे कळेल, आणि आत काय घातले याचे छायाचित्र मागा. ज्याच्या नावाची पाटी आहे त्याच्याच खात्यात पैसे द्या. आणि पुडी हातात आली की ती हुंगा, पुसा, मोजा.

माझे एकूण 8,130 रुपये गेले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, एवढे मी वाचून काढले आहे. पुरावा लंगडा आहे, हे मान्य. तरी दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला जाणार आहे. चारही वायसर काडेपेटीत घालून वर चिकटपट्टी लावली आहे. कोरड्या प्लेटांची पुडी मात्र अजून त्याच वर्तमानपत्रात आहे, आणि त्या कागदावर आजही तेलाचा डाग नाही.